हिशेबाची वही कोणाची? कोलकात्याचा नीळ आयोग (१८६०) आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

मराठीत 'हिशेब' या शब्दाला दोन अंगे आहेत. एक जमाखर्चाचे आणि दुसरे जाब विचारण्याचे. 'हिशेब दे' असे आपण दुकानदाराला म्हणतो आणि सत्ताधाऱ्यालाही म्हणतो. अर्थशास्त्राच्या वर्गात हिशेब हा आकड्यांचा विषय असतो, तर राज्यशास्त्राच्या वर्गात उत्तरदायित्व हा सत्तेचा. इतिहासात मात्र हे दोन विषय वारंवार एकत्र आलेले दिसतात. सामाजिक संघर्षात वाद किती पैशांचा आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो पैसा कोण मोजतो, कोण लिहितो आणि लिहिलेले कोणाला पाहता येते, हेही पाहावे लागते.

या पाठात आपण १८५९-६० मधील बंगालच्या नीळ आंदोलनाचा आणि त्यानंतर कोलकात्यात नेमलेल्या नीळ आयोगाचा या दृष्टीने विचार करू. पुढे त्याची तुलना १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांशी करू. मुद्दा एकच आहे: उत्तरदायित्वाला दिशा असते. एकाच धंद्याचा हिशेब वरच्या लोकांसाठी काटेकोर आणि खालच्या लोकांसाठी पूर्ण बंद असू शकतो. संघर्ष पेटतो तो बहुधा या दोन दिशांमधल्या अंतरातून.

१. उचल आणि बाकी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालची नीळ ही युरोपातल्या कापड उद्योगाची गरज होती. नदिया, जेसोर, पाबना, फरीदपूर अशा जिल्ह्यांत युरोपीय मळेवाल्यांच्या कोठ्या उभ्या होत्या. मळेवाला स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर मजूर लावून काही नीळ पिकवी. तिला 'निज' लागवड म्हणत. पण बहुतेक नीळ 'रयती' पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्यांकडून त्यांच्याच जमिनीवर लावून घेतली जाई. त्यासाठी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम मिळे. बंगालीत तिला 'दादन' म्हणत. आपल्याकडचा नेमका शब्द 'उचल'. उचल साधारणपणे बिघ्याला दोन रुपये असे. ती घेताना शेतकरी मुद्रांकाच्या कागदावर करार करी. कोरा मुद्रांक घेऊन मजकूर मागाहून भरल्याच्या तक्रारीही पुढे आयोगापर्यंत पोहोचल्या.

हा हिशेब कसा चाले, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, शेतकऱ्याने एका बिघ्यासाठी दोन रुपये उचल घेतली. मुद्रांक आणि बियाणे यांचे सहा आणे त्याच्या नावे पडले. एकूण नावे २ रुपये ६ आणे. हंगामात त्याने नीळ-रोपांच्या बारा पेंढ्या कोठीवर आणून टाकल्या. रुपयाला सहा पेंढ्या या दराने त्याच्या खाती दोन रुपये जमा झाले. बाकी राहिली सहा आणे. आता मोजणाऱ्याने साखळी आवळून त्याच बारा पेंढ्या दहाच भरल्या असे लिहिले, तर जमा होते १ रुपया १० आणे ८ पै आणि बाकी होते ११ आणे ४ पै. शेतकऱ्याचे श्रम तेच आणि शेतही तेच. साखळीच्या एका आवळण्याने कर्ज जवळजवळ दुप्पट झाले.

या हिशेबातील प्रत्येक माप कोठीच्या हातात होते. जमीन कोठीचा अमीन मोजी, आणि कोठीचा बिघा गावात चालणाऱ्या बिघ्यापेक्षा मोठा असल्याची तक्रार सर्वत्र होती. पेंढी कोठीची माणसे मोजत. रुपयाला किती पेंढ्या हा दर कोठी ठरवी. तो साधारण चार ते आठ पेंढ्यांच्या दरम्यान असे. वही कोठीचा गुमास्ता लिही. शिवाय उचल शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधी गुमास्ता आणि इतर नोकर त्यातून आपली दस्तुरी काढून घेत. दोन रुपये नावे पडत, पण हाती दोन रुपये येत नसत.

वर्षाच्या शेवटी राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर ओढली जाई. बाकी आहे म्हणून पुन्हा नीळ लावायची आणि नीळ लावली म्हणून पुन्हा बाकी. बाप मेला तर त्याची बाकी मुलाच्या नावावर येई. अशा खात्यात कर्ज फिटणे हा उद्देशच नसतो. बाकी हेच शेतकऱ्याला बांधून ठेवण्याचे साधन असते.

२. वर जाणारा हिशेब: कोलकाता

नीळ नदियाच्या शेतात पिकत असली तरी तिचा पैसा कोलकात्याहून येई. मळेवाल्यांना भांडवल पुरवणारी 'एजन्सी हाउसेस' कोलकात्यात होती. माल कोलकात्याच्या बंदरातून लंडनला जाई. त्यामुळे मळेवाल्याला आपल्या धनकोला नियमित हिशेब द्यावा लागे: किती बिघे लागवड, किती रोपे, किती मण नीळ, किती पेट्या. वरच्या दिशेने तो पूर्णपणे उत्तरदायी होता.

वरचे हिशेब नेहमी खरे असत असे मात्र नाही. १८३० मध्ये पामर आणि कंपनी बुडाली आणि १८३४ पर्यंत कोलकात्यातील बहुतेक मोठी एजन्सी हाउसेस कोसळली. नीळ व्यवहारात अडकलेली रक्कम हे त्याचे एक प्रमुख कारण होते. द्वारकानाथ टागोर ज्यांच्या संस्थापकांपैकी होते, त्या युनियन बँकेचेही (स्थापना १८२९) तेच झाले. बँकेची मोठी रक्कम नीळ कोठ्यांच्या कर्जात गुंतली, ताळेबंदात तोटा झाकला गेला आणि जानेवारी १८४८ मध्ये बँक बंद पडली.

दोन्ही ठिकाणी खोटा हिशेब होता, पण परिणाम वेगळे झाले. कोलकात्यातील भागधारकाला सभा बोलावता येत होती, वह्या मागता येत होत्या, वर्तमानपत्रात लिहिता येत होते. बुडालेल्या व्यापाऱ्यासाठी १८२८ च्या कायद्याने दिवाळखोरांचे न्यायालय होते. तिथे मालमत्ता सोपवून तो कर्जातून मोकळा होऊ शकत असे. नदियाच्या शेतकऱ्याला यांतले काहीच नव्हते. दिवाळे काढण्याची सोय लाखांचे कर्ज असलेल्याला होती. अकरा आण्यांची बाकी मात्र वारशाने मुलाकडे जात होती.

३. बंड आणि कायदा

१८५९ मध्ये बारासातचे दंडाधिकारी अ‍ॅशली ईडन यांनी एक साधी गोष्ट स्पष्ट केली. आपल्या जमिनीत काय पेरायचे हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. त्याने करार मोडला असेल तर मळेवाल्याने दिवाणी न्यायालयात जावे, पण जबरदस्तीने जमीन नांगरून नीळ पेरू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलारोआचे उपदंडाधिकारी हेमचंद्र कर यांनी या आशयाचा जाहीरनामा काढला. बातमी गावोगाव गेली आणि शेतकऱ्यांनी नीळ पेरण्याचे नाकारायला सुरुवात केली. नदियात चौगाछाचे दिगंबर आणि विष्णुचरण विश्वास हे बंधू पुढे आले. ते स्वतः पूर्वी कोठीच्या नोकरीत होते. म्हणजे वही आतून कशी चालते हे त्यांना ठाऊक होते.

हे बंड फक्त गरीब रयतेचे होते असे समजणे सोपे, पण अपुरे आहे. काही जमीनदारांचे मळेवाल्यांशी जमिनीवरून वैर होते. काही महाजनांना नीळवाला कर्जदार आपल्याकडे यावा असे वाटत होते, आणि महाजनाचीही वही होतीच. तरीही नकार देणारा, तुरुंगात जाणारा आणि लाठ्या खाणारा माणूस प्रामुख्याने शेतकरीच होता.

३१ मार्च १८६० रोजी सरकारने १८६० चा अकरावा कायदा केला. त्याला दोन बाजू होत्या. एका बाजूने, उचल घेऊन नीळ न पेरणाऱ्याला दंडाधिकारी झटपट सुनावणी करून तुरुंगात पाठवू शकत होता. हा भाग सहा महिन्यांपुरता होता. दुसऱ्या बाजूने, नीळ लागवडीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद होती. एकाच कायद्याने आधी शेतकऱ्याकडून कराराचा हिशेब मागितला आणि मग कराराचाच हिशेब तपासायला घेतला. करार खरा आहे का, बाकी खरी आहे का, हे ठरण्याआधीच अनेक शेतकरी तुरुंगात पोहोचले होते.

४. आयोगापुढे उघडलेली वही

आयोगाचे काम १८ मे ते १४ ऑगस्ट १८६० या काळात चालले. अध्यक्ष होते डब्ल्यू. एस. सेटन-कार. सदस्य होते रिचर्ड टेंपल, मळेवाल्यांच्या वतीने डब्ल्यू. एफ. फर्ग्युसन, मिशनऱ्यांच्या वतीने रेव्हरंड जे. सेल आणि ब्रिटिश इंडियन असोसिएशनच्या वतीने चंद्रमोहन चॅटर्जी. सरकार, मळेवाले, मिशनरी आणि जमीनदार यांची माणसे आयोगात होती. शेतकऱ्यांचा प्रतिनिधी नव्हता. साक्षीदारांत मात्र शेतकरी सर्वांत जास्त होते. एकूण १३४ साक्षींपैकी ७७ शेतकऱ्यांच्या, २१ मळेवाल्यांच्या, १५ सरकारी नोकरांच्या, १३ जमीनदारांच्या आणि ८ मिशनऱ्यांच्या होत्या.

आयोगापुढील चौकशीतून एक आकडा बाहेर आला. बेंगॉल इंडिगो कंपनीकडे १८५८-५९ मध्ये ३३,२०० शेतकरी नीळ लावत होते. त्यांपैकी उचलीपलीकडे काही रोख रक्कम मिळाली ती फक्त २,४४८ जणांना. म्हणजे साधारण दर चौदा जणांत एकाला. उरलेल्या तेरा जणांचे वर्ष बाकीत किंवा फार तर शून्यात संपले.

हा आकडा कोणत्याही एका शेतकऱ्याला सांगता आला नसता. त्याला फक्त स्वतःचे खाते ठाऊक होते आणि तेही ऐकीव. 'मला काही उरले नाही' असे तो म्हणाला असता तर 'तू आळशी आहेस, पीक नीट काढले नाहीस' असे उत्तर देता आले असते. ३३,२०० खात्यांची बेरीज समोर आल्यावर ते उत्तर टिकत नाही. तेहतीस हजारांतले तीस हजार माणसे आळशी असू शकत नाहीत. वही वैयक्तिक होती तोवर बाकी हा शेतकऱ्याचा दोष होता. वह्यांची बेरीज सार्वजनिक होताच बाकी हा पद्धतीचा दोष ठरला. सार्वजनिक हिशेबाचे हे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे.

५ जून १८६० रोजी चांदपूरचा शेतकरी हाजी मुल्ला याची साक्ष झाली. कोणत्या नव्या अटींवर नीळ पेरशील, असे सेटन-कार यांनी विचारले. कोणत्याही अटींनी आपले समाधान होईल असे वाटत नाही, असे तो म्हणाला. पेंढीला एक रुपया दिला तरी नाही का, असे सेल यांनी विचारले. तरीही नाही, असे त्याचे उत्तर होते. नीळ पेरण्यापेक्षा आपण परमुलखात जाऊ, भीक मागू, असे त्याने सांगितले.

रुपयाला चार ते आठ पेंढ्या हा चालू दर लक्षात घ्या. पेंढीला रुपया म्हणजे चौपट ते आठपट भाव. तो हाजी मुल्लाने का नाकारला? नीळ चांगली जमीन अडवते, भाताच्या कामाच्या वेळीच मजुरी मागते, ही कारणे होतीच. पण भाव कितीही सांगितला तरी पेंढ्या मोजणार कोठीच आणि लिहिणार गुमास्ताच, हेही त्याला माहीत होते. ज्याच्या वहीवर विश्वास उरलेला नाही, त्याने सांगितलेल्या दराला अर्थ नसतो. संघर्ष या टप्प्यावर पोहोचला की भाव वाढवून तो मिटत नाही.

५. हिशेब बाहेर काढणाऱ्यांचे काय झाले?

कोलकात्यात हा विषय लावून धरणाऱ्यांत 'हिंदू पॅट्रियट' या पत्राचे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी प्रमुख होते. त्यांची नोकरी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते कोलकात्यातील लष्करी हिशेब तपासनिसांच्या कचेरीत काम करत. दिवसा सरकारी वह्या तपासणारा हा माणूस आपल्या पत्रात नीळ जिल्ह्यांतील बातम्या छापी, आणि भवानीपूरच्या त्याच्या घरी आलेल्या शेतकऱ्यांना अर्ज लिहून देई. त्यांनी आयोगापुढेही साक्ष दिली. आर्चिबाल्ड हिल्स या मळेवाल्याने त्यांच्यावर दावा लावला. जून १८६१ मध्ये हरिश्चंद्र वारले आणि दाव्याचे ओझे त्यांच्या पत्नीवर आले.

१८६० मध्येच दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक ढाक्याहून प्रसिद्ध झाले. रेव्हरंड जेम्स लाँग यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद कोलकात्यात छापून घेतला. जुलै १८६१ मध्ये कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे लाँग यांच्यावर बदनामीचा खटला चालला. एक महिना कैद आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरली. खोटी बाकी लिहिणारे गुमास्ते आणि ती वसूल करणारे मळेवाले मात्र अशा खटल्यांना क्वचितच सामोरे गेले.

६. आयोगाने काय दिले आणि काय दिले नाही

आयोगाच्या अहवालाने नीळ लागवडीची पद्धत शेतकऱ्याला तोट्याची आणि जुलमाची असल्याचे मान्य केले. करारभंग हा कायमचा फौजदारी गुन्हा करण्याची मळेवाल्यांची मागणी लंडनमध्ये भारतमंत्री चार्ल्स वूड यांनी मान्य केली नाही. खालच्या बंगालमध्ये रयती नीळ झपाट्याने ओसरली. हे यश लहान नव्हते.

मात्र शेतकऱ्याला आपल्या खात्याची नक्कल मिळवण्याचा हक्क यातून मिळाला नाही. वही उघडली गेली ती त्या चौकशीपुरती. मळेवाल्यांनी पुढे जमीनदार या नात्याने खंडवाढीचा मार्ग धरला. नीळ उत्तर बिहारकडे सरकली, आणि १९१७ मध्ये चंपारणात गांधीजींना तोच प्रश्न नव्या नावांनी भेटला. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुरुवात केली ती शेतकऱ्यांचे जबाब एकेक करून लिहून घेण्यापासून. म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजूने एक प्रतिवही तयार करण्यापासून.

७. सुपे, १८७५: जळलेली वही

रिचर्ड टेंपल पुढे १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्या वेळी मुंबई सरकारपुढचा मोठा प्रश्न पुन्हा वहीचाच होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचे लक्ष्य प्रामुख्याने कर्जखते आणि वह्या होते. सावकाराने कागद दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद मिळाले की ते जाळले जात.

बंगाल आणि दख्खन यांत फरक आहे. तिकडे गोरा मळेवाला होता, इकडे गावातला सावकार. तिकडे नीळ, इकडे सारा आणि कर्ज. पण वहीची रचना सारखी होती. मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी जुने खत नवे करून घेई. जुने व्याज नव्या मुद्दलात मिसळे. काही वर्षांनी मूळ कर्ज किती होते हे सांगणारा कागद उरतच नसे. न्यायालय मात्र समोरचे शेवटचे खत पाही आणि हुकूमनामा देई.

चौकशीनंतर १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. खताच्या मागे जाऊन व्यवहार सुरुवातीपासून तपासण्याचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क मिळाला. कोलकात्याच्या आयोगाने जे दिले नव्हते, ते निदान कागदावर आले. अंमलबजावणीत अडचणी होत्या. निरक्षर शेतकऱ्याच्या हाती खातेपुस्तक आले तरी ते वाचणार कोण, हा प्रश्न राहिला. त्याच काळात जोतीराव फुले शिक्षणाचा प्रश्न शेतकऱ्याच्या लुबाडणुकीशी जोडत होते, तो याच कारणाने.

८. समारोप

दोन्ही प्रसंगांतून काही निष्कर्ष निघतात. पहिला, हिशेब तटस्थ नसतो. मापे, दर आणि लेखणी एकाच हातात असली की बरोबर बेरजेतूनही अन्याय होतो. दुसरा, उत्तरदायित्व 'आहे की नाही' एवढे विचारून पुरत नाही. ते कोणाकडे आहे हे विचारावे लागते. कोठीचा व्यवस्थापक लंडनच्या भागधारकाला उत्तरदायी होता, ज्याच्या शेतात नीळ उगवत होती त्याला नव्हता. तिसरा, एकेकट्या खात्यांची बेरीज सार्वजनिक झाली की वैयक्तिक लाजेचा विषय सामाजिक प्रश्न बनतो.

हा विषय संपलेला नाही. १९९० च्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाई घेऊन रोजगाराच्या कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचले. त्या चळवळीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या घडणीत मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार आजही मुकादमाकडून उचल घेतात. हंगाम संपल्यावर फिटली किती आणि फिरली किती, हे बहुधा मुकादमाची वही सांगते. तिची नक्कल कामगाराच्या हाती असावी, ही मागणी हाजी मुल्लाला लगेच समजली असती.

विचारासाठी प्रश्न

१. नीळ कोठीच्या हिशेबातील कोणकोणती मापे कोठीच्या ताब्यात होती? त्यांपैकी एकच शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायचे असते, तर तुम्ही कोणते निवडाल? का?
२. ३३,२०० आणि २,४४८ हे आकडे शेतकऱ्यांच्या साक्षींपेक्षा वेगळे काय सिद्ध करतात? कोणती गोष्ट फक्त साक्षीच सिद्ध करू शकतात?
३. बंगालमध्ये वही आयोगापुढे उघडली गेली, दख्खनेत ती जाळली गेली. या फरकाची संभाव्य कारणे लिहा.
४. आपल्या परिसरातील उचलीवर चालणाऱ्या एका धंद्याची माहिती घ्या. तिथे हिशेब कोण लिहितो, कोण पाहतो आणि वाद झाल्यास कोणाचा कागद खरा धरला जातो?